दुसरं घड्याळ

खालच्या मजल्यावरची लावण्या
पॉलिटेक्निकला जाताना जुना लॅपटॉप ठेवून गेली.
म्हणाली, काका, पान उघडून दिलंय,
आता तुमचं तुम्ही मांडा.
पान म्हणजे पांढरं. वर शोधायची पट्टी,
खाली रिकामे चौकोन, प्रत्येकात अधिकचं चिन्ह.

चौकोनांची मला भीती नाही.
अडतीस वर्षं आलेख कागदावर
एकेक घर लाल पेन्सिलीनं भरलं.
भरलं घर म्हणजे कार्डाला भोक,
भोक म्हणजे हूक वर, धागा वर,
आणि शेवटी कुणाच्या तरी पलंगावर मोर.
साखर पेठेतल्या त्या खोलीत
मे महिन्यातसुद्धा पंखा बंद असायचा,
कागद उडायचे.

पान आधी नाव विचारतं.
तुम्हाला काय म्हणून हाक मारू?
रेशन कार्डावर वडनाल सत्यनारायण,
कारखान्यात मास्तर,
आईच्या तोंडी सत्ती, तेही रागावली तर.
मल्लेशम जे म्हणायचा ते मी मोजलं नाही.
चादरीच्या कोपऱ्यावर नाव यायचं मालकाचं,
त्याखाली धुण्याच्या सूचना.
'मास्तर' लिहिलं. खोडलं.
खोडलं तरी चुरा पडत नाही,
मी उगाच टेबलावर फुंकर मारली.

शहर विचारलं. हवामानाचा चौकोन लगेच म्हणाला,
त्रेचाळीस.
हे गच्चीवर अनवाणी गेलं की तळवे सांगतात.
तरी ठेवला. दुसऱ्यानं सांगितलं की जरा बरं वाटतं.
शेअर बाजार काढला, क्रिकेट काढलं,
सिनेमातल्या बाईचं लग्न काढलं.
सुताच्या भावाचा चौकोन शोधला, नाही.
नळाचा वार त्याला ठाऊक नाही,
तो चिठ्ठीच्या चौकोनात मीच लिहिला:
पाणी शुक्रवारी, पहाटे, आलं तर.

मग रंग. पट्टीवर बोट सरकवलं
तर एका निळ्यातून दुसऱ्या निळ्यात जाताना
मध्ये कुठे थांबावं कळेना.
आम्हाला चार रंग मिळायचे.
मालक म्हणायचा, मास्तर, तिनात बसवा की.
मी तिनात बसवायचो.
आता एकच घेतला, पिकल्या जांभळाचा,
जो तेव्हा दर वेळी चौथा असायचा.

घड्याळ काट्यांचं निवडलं.
त्याखाली बारीक अक्षरात: आणखी एक शहर जोडा.
दुबई सुचवली त्यानं, लंडन सुचवलं.
मी भिवंडी लिहिलं.

मल्लेशम तिकडे गेला त्याला एकोणतीस वर्षं झाली.
चार माग ट्रकमध्ये चढवले,
पाचव्यावरून भांडलो. पाचवा माझ्याकडे राहिला,
पुढे भंगारात किलोवर गेला.
किती किलो भरला ते आठवतं,
भांडणात काय बोललो ते नाही.

लावण्या संध्याकाळी आली, पडद्याकडे बघून हसली.
काका, दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवालेत की ओ!
म्हटलं, दाखवू दे.
उगाच जागा अडते, म्हणाली,
आणि तिचं बोट 'काढून टाका'पाशी गेलं.
राहू दे गं.
तिनं बोट मागे घेतलं, वाटीतल्या शेंगा उचलल्या,
मग पानावरच्या मोकळ्या जागेवर दाखवलं.
नमस्कार, असं लिहिलंय,
पुढे कुणीच नाही.
उद्या भरतो, म्हटलं.

रात्री लाईट गेली. आख्ख्या गल्लीतले माग
एकदम गप्प झाले.
लॅपटॉप मात्र चालू, त्याच्या पोटात काहीतरी शिल्लक होतं.
अंधारात तेवढाच जांभळा तुकडा
आणि त्यावर दोन सेकंदकाटे.
भिवंडीचा किंचित मागे पडतो, का कोण जाणे.
गाठतो का बघत मी बसून राहिलो,
मग आठवलं, उद्या शुक्रवार,
आणि घागरी अजून घासल्या नाहीत.