वळचणीचं लाकूड

छप्पर वरून कुजत नाही.
वर गवत असतं, जूनमध्ये पिवळी फुलं,
एकदा तर शेजाऱ्यांची शेळीही होती.
छप्पर कुजतं कडेला,
जिथं ते संपतं आणि पाऊस सुरू होतो.

ओत्रा नदीच्या खोऱ्यात आमचं घर:
भिंती ओंडक्यांच्या, छपराला भूर्जाची साल,
सालीवर माती, मातीवर गवत,
आणि हे सगळं घसरून अंगणात येऊ नये म्हणून
वळचणीला आडवं एक लाकूड,
पाइनचं, चौदा हात.
ते धरून ठेवतात जुनिपरचे आकडे,
जन्मतःच वाकडे,
म्हणून कामाचे.

वडील गेल्यावर घर दोघांत वाटलं गेलं.
मला स्वयंपाकघर आणि विहीर,
तॉर्गेरला मोठी खोली, कोठार.
वकिलानं नकाशावर पेन्सिलीनं रेघ ओढली.
रेघ लाकडाच्या मधोमध गेली.
लाकडाला कुणी विचारलं नाही.

सोळा वर्षं.
त्याचं टपाल माझ्या पेटीत आलं
तर मी दगडाखाली ठेवते.
माझं आलं तर तोही.

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात.
ज्यानं ही म्हण केली
त्यानं आमचा मार्च पाहिलेला नाही.
दिवसा वितळतं, रात्री कडेला गोठतं,
बर्फाचा बांध पडतो,
आणि मागचं पाणी, वाट नाही म्हणून,
सालीखालून उलटं चढतं
आणि माझ्या उशीच्या डाव्या कोपऱ्यात उतरतं.
टप्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टप्.

मे महिन्यात शिडी लावली.
बोट लाकडात पेरापर्यंत गेलं,
भिजल्या पावात जावं तसं.
माती फावड्यानं मागे ओढली, साल उचलली
(आजोबांच्या वेळची, अजून शाबूत,
आतून तांबूस, गाईच्या जिभेसारखी)
आणि आकडे मोजले.
माझ्या बाजूला सहा.
तीन वडिलांच्या हातचे, काळे पडलेले.
तीन नवे.
नवे म्हणजे आठ-दहा वर्षांचे, करडे,
टोकं सुरीनं तासलेली, तास तिरपी,
डावखुऱ्या हाताची.

मी डावखुरी नाही.

तो हिवाळा मी क्रिस्तियानसानच्या इस्पितळात होते.
परत आले तेव्हा छप्पर जागेवर होतं.
छप्पर जागेवर असलं
की माणूस वर बघत नाही.

आधी रागच आला.
न विचारता! माझ्या हद्दीत!
मग शिडीवरच बसून राहिले,
खाली थर्मासच्या झाकणात कॉफी गार होत गेली
आणि एक माशी तिच्यात पोहायला उतरली.

चौदा हातांचं लाकूड एकट्यानं चढत नाही.
दोन तुकडे करता आले असते, रेघेवरच.
ओडमुंडचा ट्रॅक्टर मागता आला असता.
मी पलीकडचं दार वाजवलं.
"लाकूड आणलंय."
"किती हात?"
"चौदा."
त्यानं बूट घातले.

तो त्याच्या टोकाला, मी माझ्या.
दिवसभरात तो एकदाच सलग बोलला:
"खाली दोन बोटं फट ठेव, पाण्याला जाऊ दे."

मग मातीच्या चकत्या.
पहिला थर गवत खाली करून,
दुसरा गवत वर करून,
पाठीला पाठ लावून, तोंडं विरुद्ध दिशांना.
दोन-तीन उन्हाळ्यांत मुळं एकमेकांत शिरतात.
नंतर सुटी करू म्हटलं तरी होत नाहीत.

एक सांगायचं राहिलं.
त्याच्या बाजूला आकडे पाचच होते.
दुपारी तो जेवायला गेला
तेव्हा सहावा मी बसवला.
तास सरळ आहे, उजव्या हाताची.
पुढं कधीतरी कड पुन्हा कुजेल,
तो माती मागे ओढेल,
आणि मोजेल.