शेरा

वजन दोनशे चोपन्न ग्रॅम.
कानांवरचा दाब : चष्म्याची काडी रुतू नये इतपत.
गादी मऊ, तिसऱ्या तासाला मात्र
पाळीमागे बारीकसा घाम.
हे सगळं मी लिहून घेते
बेर्गेनमधल्या या खोलीत, जिच्या भिंती
टाचणी पडल्याचाही आवाज गिळतात.

आज ऐकायला आलाय ऑडमुंड.
एकतीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनखोलीत.
जाड मान, टोपी काढून मांडीवर ठेवलेली.
"चेलो कसा वाटला?"
"लाकूड ऐकू आलं," म्हणाला, "तारेच्याही आधी."
मी लिहिलं : खर्ज स्वच्छ.

मग चारी स्पीकरांतून
डिझेल इंजिनाची घरघर सोडली,
खुर्चीचे पाय थरथरेपर्यंत,
आणि हेडफोनचं बटण दाबलं.

ऑडमुंड ताडकन उभा.
एक हात भिंतीवर, कसलंसं चाक चाचपत,
नजर जमिनीवर,
पायांखाली काय बंद पडलंय ते बघत.

क्षणभरच. मग ओशाळून हसला,
हेडफोन उतरवले, दोन्ही तळव्यांत धरले
भट्टीतला पाव धरावा तसे.
"चांगले आहेत हो. फारच चांगले.
फक्त आमच्याकडे इतकं शांत झालं
की धावायचं असतं."

आराम : दहापैकी नऊ.
बाहेरचा आवाज रोखणे : दहापैकी दहा.
शेऱ्याच्या ओळीवर
पेन टेकवून मी बराच वेळ बसले.
तिकडे दारापाशी जाता जाता त्यानं
रेडिएटरला कान लावला,
मग टोपी घातली.