रकाना क्रमांक नऊ

फॉर्मवर नववा रकाना आहे : गुन्ह्याची कारणे.
खाली तीन रेघा.
पहिले आठ कालच भरले.
नाव अद्वैत, वय चौतीस, शिक्षण एम. कॉम.,
राहणार सहकारनगर, व्यसन नाही,
वडील बँकेतून निवृत्त, आई शाळेत संस्कृत शिकवायची.
शिक्षा ठरवण्याआधी कोर्टाला अहवाल हवाय,
सोमवारपर्यंत.

येरवड्याच्या भेटखोलीत तो उठून उभा राहिला.
"मॅडम, पंख्याखाली बसा तुम्ही."
मग विचारलं, पुलावर फार अडकलात का.
अशीच विचारपूस करत त्याने
चार म्हाताऱ्यांच्या ठेवी मोडल्या होत्या.
चौथीने पासबुक परत मागितलं.
तिच्या तेराव्याला हाच पंक्तीत वाढत होता,
आणि शेवटी स्वतः बसल्यावर
जिलबी दुसऱ्यांदा मागून घेतली,
असं शेजारणीच्या जबाबात आहे.
जिलबीखाली कुणीतरी लाल रेघ मारलीय.

मी विचारलं, त्यांची आठवण येते?
तो थांबला.
माझ्या चेहऱ्यावर जे होतं ते
बघून बघून स्वतःच्या चेहऱ्यावर आणलं त्याने.
बेतून शिवल्यासारखं नीट बसलं.

त्याच्या आईकडे गेले. पोहण्याची पदकं दाखवली तिने,
मुंजीतला फोटो दाखवला.
"कधी हात उगारला नाही हो आम्ही.
लहानपणी एकदा फक्त मांजरीचं पिल्लू..."
आणि म्हणाली, दूध उतू जातंय.
लगबगीने आत गेली.
गॅस बंद होता. मला दिसत होता.

प्रशिक्षणात शिकवलं होतं हे सगळं.
पूर्वीचे लोक कवटी मोजायचे, जबडा, कानाची पाळी.
नंतरच्यांनी वस्ती मोजली :
किती दारूची दुकानं, किती बाप घरात, किती बाहेर.
ती पट्टी इथे चालत नाही,
याच्या गल्लीत साधा अंडाबुर्जीवालासुद्धा नाही.
आता म्हणतात, कानशिलाच्या आत
बदामाएवढी भीतीची घंटा असते,
काहींची वाजतच नाही.
अशांची नाडीही संथ चालते म्हणे.
तुरुंगाच्या डॉक्टरने याची लिहिलीय : बावन्न.

माझे आजोबा टकारी.
गावोगाव जाती टाकवत हिंडायचे.
त्यांच्या जन्माआधीच एका कायद्याने
हा रकाना त्यांच्यासाठी भरून ठेवला होता, एका शब्दात.
तीन रेघा लागल्या नाहीत.
सोलापूरला तारेच्या आत बालपण,
पुढे जाईल त्या गावी पाटलाकडे हजेरी.
त्यांनी लोकांच्या जात्याला टाकी लावली,
सरकारने त्यांच्या जातीला.
एकदा मात्र कोंबडी उचलली त्यांनी.
म्हातारपणी हसत सांगायचे,
इतकी वर्षं हजेरी देतोय,
फुकट का द्यायची?

परतीच्या बसमध्ये खिडकी मिळाली.
गुंजन टॉकीजचा सिग्नल काही केल्या सुटेना.
घड्याळ समोर धरून मी मनगटावर बोटं ठेवली.
चोपन्न.
पुन्हा मोजली. चोपन्न.
जनता वसाहतीत एकदा कोयता घेऊन एकजण दारात आला
तेव्हा मी त्याच्या पोरीला कडेवर घेऊन
त्याच्याच बाजूने बाहेर पडले होते.
हात थरथरला नव्हता.
खात्याने प्रशस्तिपत्र दिलं, फ्रेम करून.
घंटा वाजली होती का त्या दिवशी,
आठवत नाही.

साहेब म्हणतात, रिकामा ठेवू नका,
फॉर्म परत येतो.
काल रात्री भांडी आवरून बसले,
पेन्सिलीने हलकेच लिहून पाहिलं : जन्मतःच.
माझ्या अक्षरात तो शब्द.
खोडला.
रबराची भुकटी फुंकली, कागद दिव्यासमोर धरला.
दिसतोय अजून.