म्हाताऱ्याची तब्येत

फोन आत नेता येत नाही. म्हणून
साडेबाराचा भोंगा झाला की मी पास दाखवते,
लायन गेटाबाहेर येते,
झेरॉक्सवाल्याच्या फळकुटाखाली उभी राहते
आणि पाष्टेकाकांना कांजूरला फोन लावते:
म्हातारा पुन्हा खोकतोय.

"कोरडा की ओला?"
ओला.
"मग पाणी धरलंय. कोपराचा सांधा उघड.
दुसरा. पहिला सगळेच उघडतात."

रस्त्यावर आम्ही रडार हा शब्द उच्चारत नाही.
म्हातारा माझ्याहून सात वर्षांनी मोठा.
त्याला घडवणारा कारखाना बंद पडला,
ज्या देशात होता त्या देशाचे तुकडे झाले,
आणि पुस्तिकेची भाषा वाचणारा
आमच्याकडचा शेवटचा माणूस
भाषांतर अर्धवट टाकून मुलीकडे पुण्याला गेला.
पान एकशे बारा: सावधान. कधीही
पुढे कोरं.

भांडारातून उत्तर येतं: नग उपलब्ध नाही.
मी मागणी पुन्हा पाठवते.
शाळेत घातली असती तर ही मागणी
यंदा तिसरीत गेली असती.
तीन भावंडं होती ती. धाकट्याला आम्हीच उघडलं,
एकेक अवयव काढून थोरल्या दोघांना दिला.
कोपऱ्यात आता त्याचा नुसता सांगाडा.
खंडेनवमीला त्यालाही झेंडू घालतो.

एकदा लॅमिंग्टन रोडला गेले, रजा टाकून.
खोझेमाभाईंनी खोक्यातून रिले काढला,
फुंकर मारली, विचारलं, कशाला लागतो?
म्हटलं, सिनेमाच्या जुन्या प्रोजेक्टरला.
त्यांनी माझ्या हातातला नमुना नखानं खरवडला,
नख जिभेला लावलं.
"तुमचा प्रोजेक्टर समुद्रावर जातो वाटतं."
आणि वीस रुपये जास्त घेतले.

काकांनी पहिल्या दिवशी काही शिकवलं नाही.
कानांवर हेडफोन चढवला. ऐक.
किर्र, मग बराच वेळ काही नाही, मग किर्र.
"हा ससून डॉकचा ट्रॉलर. त्याची मोटर लंगडते.
ही बारीक शीळ तेलाच्या जहाजाची.
आणि हे," नॉब केसाएवढा फिरवत,
"हे आपल्यापैकी कुणाचंच नाही. लिहून ठेव."
मग म्हणाले, बघायचं तर ओरडावं लागतं, वारंगबाई.
आणि ओरडतो तोच आधी दिसतो.

निवृत्तीच्या दिवशी गेटवर त्यांचा डबा तपासला,
छत्री झटकली, निळी वही आतच ठेवून घेतली.
छत्तीस वर्षांचे खोकले, शिंका, ठोके भरलेलं डोकं
तसंच बाहेर सोडलं.

या मार्चपासून काकांना कमी ऐकू येतं.
"काय? मोठ्यानं बोल!"
माझ्या डावीकडे कोर्टाचे कारकून, उजवीकडे शहाळंवाला,
आणि नकाशा उलटा धरलेले दोन परदेशी पाहुणे.
"अगं, मोठ्यानं!"
मी फोन ठेवला.

शनिवारी ते स्वतःच आले, बसनं,
इस्त्रीचा शर्ट, खिशात अजून तेच टेस्टरचं पेन.
पोस्टामागच्या हॉटेलात बसलो.
मी बोललेच नाही. स्टीलच्या टेबलावर
बोटांनी म्हाताऱ्याचा ठोका वाजवला,
परवा रात्री ऐकला होता तसाच,
चुकतो तिथं चुकवून.
त्यांनी तळहात टेबलावर पालथा ठेवला,
डोळे मिटले. चहावर साय धरली.
"पुन्हा."
पुन्हा वाजवला.
"सातव्याला दमतोय. मोठ्या नळीला हात लावू नकोस.
तिला भरवणारा बघ, तो उपाशी आहे."

वेटर कप उचलायला आला.
तबला शिकवता का, काका?
काय म्हणतो हा, त्यांनी मला विचारलं.
मी टेबलावर दोनदा टकटक केलं.
"हो," त्यांनी त्याला सांगितलं.