ऊन कुठनं आलंय

काळ्या शराटींचा थवा काढून झालाय, अकरा जण.
एकाचा पंख चुकलाय,
तो तसाच ठेवलाय.
रंगांचंच अडलंय.

आभाळाला आधी केशरी दिलं:
थवा मिरवणुकीतल्या पताकांसारखा फडफडायला लागला.
पुसलं.
मग निळा, त्याच्यावर फिकट निळा, त्याच्यावर राखी.
कळंब्याचं तळं गेलं कुठल्या कुठे,
उरली पतपेढीची जाहिरात.

पडद्यावर दीड कोटीच्या वर रंग आहेत म्हणे.
मला तीन पुरतील.
ते तीन सोडून सगळे सापडतात.

सकाळी खाली दौलूमामा सायकल लावत होते,
शिरोलीच्या भट्टीवरची रात्रपाळी करून आलेले.
बत्तीस वर्षं नुसत्या रंगावरून
लोखंड ओतायची वेळ सांगणारा माणूस.
त्यांच्यापुढे टॅब धरला.
डोळे बारीक करून म्हणाले,
"पाखरं झ्याक हैत. पण ऊन कुठनं आलंय गं?"

मी गप्प.

"ते ठरीव आधी. रंग मागनं येतोय.
रस लाल झाला म्हणून आमी वतत न्हाई,
त्यातला काळा गेला की वततोय."

पुन्हा थर उघडले.
ऊन डावीकडून, चिखलाला घासून वर येणारं.
शराटीच्या काळ्यातला काळा
थोडा थोडा काढत गेले:
आत जांभळा होता,
कडेला माशीच्या पाठीवरचा हिरवा.
मानेवरच्या लालला हात लावला नाही.

दहा रंगले.
चुकल्या पंखाचा अकरावा अजून कोराच आहे,
त्याच्यातून आभाळ दिसतं.
असू दे.