पाठपुरावा

फॉर्म क्रमांक सात. पत्त्याच्या चौकटीत
नर्स एलुबेने विचारून विचारून काढलेला नकाशा :
एक हातपंप, दोन आंब्याची झाडं,
मक्याची बंद गिरणी,
मग चिल्वा तळ्याची काठरेषा,
आणि रेषेपलीकडे, पाण्यात, पेन्सिलीची फुली.
फुलीपुढे लिहिलंय : घर.

सहभागी ११८. पुरुष. वय चौतीस.
एचआयव्ही. कापोसी सार्कोमा, डावा पाय.
तिसऱ्या सलाईननंतर आला नाही.
नाव मला ठाऊक आहे, इथेही सांगणार नाही.
संगणकात तो आकडाच, आणि पुढे तांबड्यात :
संपर्क तुटला.
तांबडं दिसलं की मला बोलावतात.
माझं काम सायकलवरचं.

डॉक्टरीणबाई एकदा जेवताना म्हणाल्या,
शंभरातले वीस हरवले, लुफेयो,
तर उरलेल्या ऐंशींच्या जोरावर मी काय छातीठोक सांगू?
औषध जुनंच आहे, श्रीमंत देशांत केव्हाच मुरलेलं.
इथे, या उन्हात, या रक्तात,
अर्ध्या रिकाम्या फडताळांच्या दवाखान्यात
ते किती लागू पडतं, एवढाच प्रश्न.
एवढाच. पण त्याला सायकल लागते.

हातपंप सापडला. आंबा एकच;
दुसऱ्याचा कोळसा होऊन पोत्यांत, रस्त्याकडेला, विकायला.
गिरणी चालू, बायका रांगेत.
मी हॉस्पिटलचं नाव काढत नाही,
बिल्ला खिशात, उलटा.
मासळीचे पैसे द्यायचेत त्याचे, म्हणतो.
पीठ सावरत एक मुलगी हसते :
त्याच्याकडे सगळे मागायला येतात,
देणारा पहिलाच बघितला.

काठरेषा मात्र जागेवर नाही.
मैलभर वाळका चिखल, टाचेसारखा भेगाळलेला,
त्यात होड्या ओढून नेल्याचे चर.
तो राहतो झिंबोवेरात :
पाणकणसांवर बांधलेली कोळ्यांची तरंगती झोपडी.
वारा फिरला की घर फिरतं,
पाणी हटलं की वस्ती हटते.
नावाडी दोन हजार क्वाचा घेतो, पावती देत नाही.
वहीत लिहितो : होडी, पावतीविना.
अकाउंटंट यावरून भांडणार.

ओडी, मी दाराशी म्हणतो. ओडी.
आत जाळं विणणारे हात थांबतात.
काही न विचारता तो पायावरचा चितेंजे सोडतो.
जांभळे डाग फिकटलेत, दोन तर पुसल्यासारखे,
घोट्याची सूज मात्र वाढलेली.
खिशात कागदी पट्टी आहे,
मोजायचा अधिकार मला नाही.
मोजत नाही. बघतो.

हरवलास तू, मी म्हणतो. संगणकात.
तो कोपऱ्यातली बाटली पुढे करतो :
रोजच्या गोळ्या, एकही चुकलेली नाही,
बावीस उरल्यात, मी मोजायच्या आत तो सांगतो.
फोन पाण्यात गेला.
तळं मागे गेलं, मासळी त्याच्यामागे, मी मासळीमागे.
आणि तुमचं गाडीभाडं
झोंबाला पोचल्यावर हातात पडतं, भाऊ.
पोचायला ते आधी लागतं.

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.
त्याने भाजलेला मागूर दिला, मी खाल्ला.

फॉर्मवर कारणांच्या चौकटी पाच :
मृत्यू, स्थलांतर, नकार, पत्ता चुकीचा, इतर.
मी 'इतर'वर खूण करतो
आणि पुढच्या दीड ओळीत
तळं बसवायला लागतो. बसत नाही.
समासात शिरतं, मग पानामागे.

सोमवारी ये, म्हणतो. भाडं मी आत्ताच देतो,
माझ्या खिशातलं, कुठे बोलू नकोस.
आणि नकाशा नवा काढून दे, मागचा गेला.
तो पेन्सिल घेतो, पाठीमागचं पाणी बघतो,
टोक कागदावर टेकवून थांबतो.

कुठल्या महिन्याचा काढू?