ठसा

तांबाकाट्याला, हंडे-कळश्यांच्या ठोकाठोकीत
आजोबा, भिकोबा वडके, फौजेचे बिल्ले पाडत.
पन्नासच्या जानेवारीत एक हवालदार आला, म्हणाला,
राजाचा मुकुट उतरवा, सिंह चढवा.
'तीन दिसतात, चौथा पाठीमागे असतो,'
आजोबांनी त्याला ऐकवलं
आणि परातभर मुकुट मुशीत ओतले.

त्यांचे वडील सुभेदार-मेजर.
त्यावरचा जिना गोऱ्यांचा.
मिसरूड न फुटलेला लेफ्टनंट
त्यांना नुसतं 'वडके' म्हणे.

जनरलचा ठसा झाला: तलवार नि दंड, एकमेकांवर तिरपे.
मग कुणी न सांगता
आजोबांनी फील्डमार्शलचा कोरला.
दोन दंड, भोवती कमळं.
'लागेल कधीतरी.'

फील्डमार्शल निवृत्त होत नाही म्हणतात.
आजोबाही झाले नाहीत.
मोतीबिंदू पिकला तरी
अंगठ्याने पाकळ्या मोजत बसायचे,
एक नेहमी जास्त भरायची.

मागणी आमच्या गल्लीपर्यंत आलीच नाही.
गिरगावातल्या माझ्या ओट्यावर
तो ठसा लसूण ठेचतो.

गेल्या दिवाळीत, शंकरपाळ्यांची कणीक उरली होती,
मी तो दाबून पाहिला.
स्वच्छ उमटला. चारही बाजू.
तळून काढला,
आणि पणजोबांच्या तसबिरीला टेकवला,
जरा वर,
खांद्यापाशी.